वाद आणि दाद

‘दाद’ हा शब्द मराठीत येऊन बराच काळ लोटला. फारसीतून तो आला तेव्हा न्याय हा त्याचा अर्थ होता. आपण त्याचा संसार वाढवला. गवयाच्या तानेला आपण दाद देतो, सरकारदरबारी दाद मागतो, आणि मागणाऱ्याला दाद लागू न देण्याची कलाही आपल्याला चांगली अवगत आहे. प्रस्तुत मासिकाचे बहुतेक वाचक आमच्यासारखेच नोकरीनिमित्त परमुलखात राहणारे; कोणी वरच्या खुर्चीवर, कोणी आमच्याप्रमाणे कारकुनाच्या टेबलाशी. दाद मागणाऱ्या माणसांची रांग सर्वांच्याच पुढून जाते. म्हणूनच एक साधा प्रश्न आपणां सर्वांपुढे मांडावासा वाटतो. तक्रार करणारा मनुष्य निष्ठावंत असू शकतो काय?

या प्रश्नाचे उत्तर आपण तोंडाने ‘होय’ असे देतो आणि आचरणाने ‘नाही’ असे. कचेरीत ज्याचा दुसऱ्यांदा अर्ज येतो तो ‘कटकट्या’ ठरतो. घरात जी सून प्रश्न विचारते तिला वळण नाही असे म्हटले जाते. आणि धर्माच्या क्षेत्रात तर शंका काढणारा तत्काळ पाखंडी होतो. जो मुकाट्याने ऐकतो तोच आपला, ही समजूत आपल्या हाडीमांसी इतकी खिळली आहे की तिची आपल्याला जाणीवही होत नाही. आम्हांला ती झाली म्हैसूरच्या आमच्या कचेरीत, एका दुपारी. आणि ती एका मुसलमान विधवेमुळे झाली.

बाईचा नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत शिपाई होता. तो वारला आणि कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज आमच्या टेबलावर आला. सेवापुस्तकात पत्नीचे जे नाव होते ते अर्जावरच्या नावाशी जुळेना. आम्ही नियमानुसार अर्ज परत पाठवला. काही महिन्यांनी तो पुन्हा आला. नाव पुन्हा तेच. आम्ही पुन्हा छापील ज्ञापन जोडून तो परत केला. यात आम्ही काही चूक केली असे तेव्हा आमच्या स्वप्नातही नव्हते. आवक-जावक नोंदी चोख होत्या, शेरा सुवाच्य होता. तिसऱ्या खेपेस मात्र कागद आला नाही. बाई स्वतः आली.

ती दख्खनी बोलत होती. या बोलीत ‘नक्को’ ऐकले की मराठी माणसाच्या कानाला घरचा दरवाजा किलकिला झाल्यासारखे वाटते. पण त्या दिवशी तेवढ्यानेही आमचे लक्ष गेले नाही. आम्ही तिला विहित नमुना, विहित मार्ग आणि विहित मुदत या तीन गोष्टी समजावून सांगितल्या. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “कागज तो पढ़ लिये साब, अब मेरी बी सुनो जरा.” आम्ही घड्याळाकडे पाहिले. ती उठली नाही.

मग आम्ही ऐकले, नाइलाजाने ऐकले. लग्नानंतर सासूने तिला दुसरे नाव ठेवले होते. नवऱ्याने नोकरीच्या कागदांवर ते लिहिले आणि बाकी सर्वत्र माहेरचेच राहिले. दोन्ही नावे एकत्र असलेला एक जुना कागद तिच्या पिशवीतच होता. तो पाठवण्यास कोणी सांगितलेच नव्हते, कारण तिला कोणी विचारलेच नव्हते. एक प्रतिज्ञापत्र आणि तो कागद एवढ्यावर काम भागण्यासारखे होते. पहिल्याच दिवशी आम्ही तोंड उघडून एक प्रश्न विचारला असता तर आठ महिने वाचले असते. या आठ महिन्यांत तिने घरातले शिवणयंत्र विकले होते. हे तिने तक्रार म्हणून सांगितले नाही. हिशेबात आले म्हणून सांगितले.

आमचे एक वडीलधारे सहकारी, म्हैसूरचेच, धर्माने मुसलमान, शेजारच्या टेबलावरून हा सारा प्रकार पाहत होते. मधल्या सुटीत डबा उघडताना त्यांनी आम्हांला एक कथा सांगितली. उपदेश म्हणून नव्हे; उपदेश करण्याचा त्यांचा स्वभाव नाही. बाईची पाठ फिरल्यावर त्यांना ती आठवली, एवढेच. ती कथा अशी.

सातव्या शतकातली मदिना. औस नावाच्या एका गृहस्थाने रागाच्या भरात आपल्या बायकोला म्हटले की, तू मला माझ्या आईच्या पाठीसारखी आहेस. अरबस्तानातल्या जुन्या चालीप्रमाणे या एका वाक्याने विवाह संपुष्टात येई. पण स्त्री मोकळीही होत नसे. ती पत्नी राहत नसे आणि दुसरे घर करण्यासही स्वतंत्र नसे. खौला बिन्त सअलबा हे त्या स्त्रीचे नाव. ती पैगंबरांकडे गेली. परंपरा सांगते की त्यांचे पहिले उत्तर तिच्या बाजूचे नव्हते; चालत आलेल्या रूढीप्रमाणे ती नवऱ्याला वर्ज्य झाली, असेच ते होते. खौला परतली नाही. आपले तारुण्य या माणसाच्या घरात गेले, आता या वयात मुलांना घेऊन कोठे जायचे, असे ती पुन्हा पुन्हा विचारीत राहिली, आणि तेथे दाद लागेना तेव्हा तिने आपले गाऱ्हाणे थेट ईश्वरापुढे मांडले. त्यानंतर जो आदेश अवतरला असे मुसलमान मानतात, त्याने ती चालच निषिद्ध ठरवली. असे बोलणाऱ्या नवऱ्याला प्रायश्चित्त सांगितले: एका गुलामाची मुक्तता करावी, ते शक्य नसल्यास सलग दोन महिने उपवास करावेत, तेही न झेपल्यास साठ गरिबांना जेवू घालावे. कुराणाच्या ५८ व्या अध्यायाचा आरंभ या प्रसंगाने होतो, आणि त्या अध्यायाचे नावच मुळी ‘वाद घालणारी’ असे आहे.

आम्ही कथेच्या या टोकाशी थबकलो. एका धर्मग्रंथाच्या अध्यायाला वाद घालणाऱ्या स्त्रीचे नाव! आज्ञा पाळणारी, सोसणारी, मुकाट राहणारी अशी विशेषणे धर्मात स्त्रियांसाठी राखून ठेवलेली असतात, असे आम्ही समजत होतो.

पण आमच्या सहकाऱ्यांना सांगायचे होते ते याच्या पुढचे. पुष्कळ वर्षांनी उमर खलिफा झाले. त्यांची कारकीर्द ६३४ ते ६४४ ची. इराण आणि रोम यांच्या सत्ता त्यांच्या नावाने हादरत होत्या. ते एकदा लोकांसह रस्त्याने जात असता एका म्हातारीने त्यांना अडवले. लहानपणी लोक त्यांना उमैर या छोट्या नावाने हाक मारीत याची तिने आठवण करून दिली, आणि आता प्रजेच्या बाबतीत ईश्वराला भिऊन वाग असे बजावले. बरोबरच्या माणसाने तिला दटावले. उमरनी त्यालाच थांबवले. ही खौला आहे. हिचे बोलणे सात आकाशांच्या वर ऐकले गेले, ते उमरने ऐकू नये काय, अशा आशयाचे ते बोलले आणि तिचे संपेपर्यंत उभे राहिले.

या कथा प्रसंगानंतर पिढ्यांनी लेखनात आल्या. त्यांतील प्रत्येक तपशील इतिहासाच्या कसोटीला उतरेल असा आमचा दावा नाही. परंतु एखादा समाज कोणत्या कथा जपून ठेवतो, यावरून त्याच्या आत्म्याची एक बाजू कळतेच. खलिफाला रस्त्यात अडवणारी म्हातारी त्या समाजाने विसरून जाण्यासारखी मानली नाही.

आणि ती एकटी नाही. उम्मे सलमा या पैगंबरांच्या पत्नीविषयी असे सांगतात की, ग्रंथात पुरुषांचाच उल्लेख का येतो, स्त्रियांचा का नाही, असे तिने सरळ विचारले. त्याचे उत्तर म्हणून ३३ व्या अध्यायातील ३५ वे वचन आले असे परंपरा मानते. त्यात श्रद्धा, सत्य, धैर्य, नम्रता, दान अशा दहा गुणांच्या संदर्भात दहा वेळा पुरुष आणि स्त्री यांचा जोडीने निर्देश आहे. हीच उम्मे सलमा ६२८ मध्ये हुदैबियाच्या तहाच्या वेळी बरोबर होती. मक्केची यात्रा न करताच माघारी फिरण्याचा तह झाल्यामुळे अनुयायी इतके खिन्न झाले होते की, बळी देऊन मुंडन करा ही आज्ञा तीनदा होऊनही कोणी जागचे हलेना. तेव्हा तिने सल्ला दिला की, कोणाशी काही न बोलता बाहेर जावे आणि स्वतः आधी ते करावे. तसे केल्यावर सारे उठले. आज्ञेने जे साधले नाही ते आचरणाने साधले. विभागप्रमुखांनी ही कथा दर सोमवारी स्मरावी अशी आमची नम्र सूचना आहे.

आयेशेची गोष्ट याहून गुंतागुंतीची. तिच्या नावावर दोन हजारांहून अधिक हदीस सांगितले जातात. मोठमोठ्या पुरुषांनी सांगितलेल्या वचनांत तिने केलेल्या दुरुस्त्यांचे पुढे चौदाव्या शतकात जरकशी या विद्वानाने एक पुस्तकच तयार केले. प्रार्थना करणाऱ्यापुढून गाढव, कुत्रा किंवा स्त्री गेल्यास प्रार्थना भंगते, असे कोणी म्हणाला तेव्हा, आम्हांला तुम्ही कुत्र्या-गाढवांच्या पंक्तीला बसवले काय, असा तिचा रोकडा सवाल होता. मात्र हीच आयेशा ६५६ मध्ये उंटाच्या लढाईत एका पक्षाची नायिका झाली, मुसलमानांनी मुसलमानांचे रक्त सांडले, आणि तिला त्याचा जन्मभर पश्चात्ताप झाला असे सांगतात. वाद घालणाराच नेहमी बरोबर असतो असे नाही. हे आम्ही मुद्दाम नमूद करतो, कारण तक्रारीचा महिमा गाताना हे विसरण्याचा मोह होतो.

आम्हां कारकुनांना विशेष जवळची वाटावी ती हफ्सा. ती लिहिणे शिकलेली होती. शिफा नावाच्या साक्षर स्त्रीने तिला ते शिकवले. कुराणाची एकत्र केलेली लिखित प्रत वडील उमर यांच्या मृत्यूनंतर तिच्या ताब्यात राहिली. पुढे खलिफा उस्माननी प्रमाण प्रती तयार करवल्या तेव्हा ते पानांचे बाड तिच्याकडून मागून आणले आणि काम होताच परत केले. एका धर्माचे मूळ दप्तर एका विधवेने सांभाळले, आणि खलिफालाही ते परतीच्या बोलीवरच मिळाले!

आता कोणी विचारील की, या परक्या उदाहरणांची आपल्याला गरज काय? आपल्याकडे वाद घालणाऱ्या स्त्रिया थोड्या आहेत काय? थोड्या मुळीच नाहीत. मुक्ताईने रुसून बसलेल्या ज्ञानदेवांच्या ताटीशी उभे राहून त्यांची समजूत घातली. जनाबाई विठ्ठलाशी भांडली, आणि त्या भांडणालाच आपण भक्ती म्हणतो. पण आम्हांला राहून राहून आठवते ती द्रौपदी. द्यूतसभेत तिने एकच प्रश्न विचारला. धर्मराज आधी स्वतःला हरले की मला? स्वतःला हरलेल्याचा माझ्यावर हक्क कसा? प्रश्न कायद्याचा होता आणि चोख होता. सभेत भीष्म होते, द्रोण होते, कृप होते. विदुर आणि विकर्ण यांचा अपवाद सोडला तर कोणी तोंड उघडले नाही. धर्माची गती सूक्ष्म आहे असे भीष्मांनी सांगितले. आमच्या तिसऱ्या शेऱ्यात आणि त्या उत्तरात भाषेचाच काय तो फरक होता.

यावरून एक धर्म श्रेष्ठ आणि दुसरा कनिष्ठ असा निष्कर्ष काढण्याची घाई कोणी करू नये. व्यासांनी द्रौपदीचा प्रश्न लपवला नाही. सभेचे मौन त्यांनी युगानुयुगे उघडे ठेवले. आणि खौलेचा अध्याय ज्या समाजात रोज पठण केला जातो त्या समाजानेही तो नेहमी ऐकला असे नाही. नवऱ्याच्या तोंडच्या एका वाक्याने संसार मोडू नये हे ज्या कथेचे सार, तिच्याच वारसदारांत तीनदा उच्चारलेल्या एका शब्दाने संसार मोडण्याची चाल शतकानुशतके टिकली. मंत्र जपण्यात आणि त्याचा अर्थ ऐकण्यात अंतर असते. ते आपल्याकडेही आहे.

ते अंतर कमी करण्याचा एक मोठा प्रयत्न आपल्या मराठी मुलखातच झाला, याचा सार्थ अभिमान बाळगण्यास हरकत नाही. चिपळूणजवळच्या मिरजोळी गावचे हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा काढला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीकत्व बंद व्हावे ही त्यांची मागणी. मोर्चात स्त्रिया होत्या अवघ्या सात. शहराने कदाचित त्यांच्याकडे वळूनही पाहिले नसेल. पुढे १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले, आणि १९७७ मध्ये, पंचेचाळिशीही गाठण्यापूर्वी, दलवाई गेले. दलवाईंची भूमिका इहवादी होती. खौलेचा दाखला देऊन ते बोलत होते असे आम्ही म्हणणार नाही. परंतु त्या सात स्त्रियांना ती आपल्यांतलीच एक वाटली असती, याविषयी आम्हांला शंका नाही.

नंतर इंदूरची शाहबानो आली. बासष्ट वर्षांच्या या बाईला खालच्या न्यायालयाने महिना २५ रुपये पोटगी ठरवली. उच्च न्यायालयाने १९८० मध्ये ती १७९ रुपये २० पैसे केली. नवरा वकील होता. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. २३ एप्रिल १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या पीठाने शाहबानोच्या बाजूने निकाल दिला आणि निकालात कुराणाचाही आधार घेतला. पण समाजात असा गदारोळ उठला की, खुद्द शाहबानोनेच तो निकाल नाकारल्याचे जाहीर केले, आणि १९८६ मध्ये संसदेने निराळा कायदा केला. न्याय मिळूनही घेता येऊ नये, याहून दाद मागणाऱ्याची दुर्दशा कोणती? २२ ऑगस्ट २०१७ रोजी शायराबानोच्या खटल्यात तीन विरुद्ध दोन अशा मतांनी एका दमातला तिहेरी तलाक रद्द झाला. बहुमतातल्या एका न्यायमूर्तींचा युक्तिवाद असा होता की, ही चाल कुराणालाच धरून नाही. खौलेच्या प्रश्नाला आपल्या देशात ऐकू येण्यास इतका काळ लागला.

आणि म्हैसूरकरांना याहून ताजे उदाहरण पाहावयास मिळाले. शेजारच्या हासनच्या बानू मुश्ताक या वकील आणि कन्नड कथालेखिका. सन २००० मध्ये मशिदीत स्त्रियांना जाता यावे असे म्हटल्याबद्दल त्यांच्यावर सामाजिक बहिष्कार पडला होता. मे २०२५ मध्ये त्यांच्या कथांच्या दीपा भास्ती यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादाला आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला. त्यांच्या एका कथेचे नावच, हे प्रभू, एकदा स्त्री होऊन पाहा, अशा अर्थाचे आहे. हा अर्जच आहे, आणि तो मधल्या सर्व टेबलांना वगळून थेट वर पाठवलेला आहे! त्या वर्षीच्या दसऱ्याचे उद्घाटन त्यांच्या हस्ते व्हावे असे राज्य सरकारने ठरवले तेव्हा दुसऱ्या बाजूने विरोध झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. याचिका फेटाळल्या गेल्या आणि २२ सप्टेंबर रोजी चामुंडीच्या टेकडीवर त्यांनी उद्घाटन केले. एकाच स्त्रीला एकदा स्वधर्मीयांनी म्हणावे, तू आमच्यात बोलू नकोस. पंचवीस वर्षांनी दुसऱ्यांनी म्हणावे, तू आमच्यात येऊ नकोस. दोघांनाही तिचे म्हणणे ऐकायचे नव्हते. याबाबतीत दोघांचे मतैक्य होते.

एक आक्षेप मात्र आम्हांला टाळता येत नाही, कारण तो आमच्याच मनातला आहे. प्रत्येकाचे ऐकत बसले तर काम कसे व्हावे? आणि नियम तरी कशासाठी असतात? ओळखीच्याला एक आणि बिनओळखीच्याला दुसरे, असे होऊ नये म्हणूनच ना? आक्षेप खरा आहे. नियम हे दुबळ्याचेही रक्षण करतात, हे आम्ही रोज पाहतो. पण खौलेची कथा पुन्हा पाहिली असता असे दिसते की, ऐकणे आणि मान्य करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तिला पहिले उत्तर नकाराचेच मिळाले होते. तरी तिला उठवून लावले गेले नाही. रूढी बदलणे उमरच्याही हाती नव्हते. उभे राहणे होते. कारकुनाला नियम बदलता येत नाही. मात्र समोरच्याने शेवटचे वाक्य बोलेपर्यंत घड्याळाकडे न पाहणे त्याला येते, आणि पुष्कळदा त्या शेवटच्या वाक्यातच तो कागद असतो, जो नियमालाही हवा असतो.

येथे आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर हाती येते असे आम्हांला वाटते. ज्याचा विश्वास उडाला तो तक्रार करीत नाही. तो निघून जातो, किंवा मुकाट बसतो. दारावर पुन्हा पुन्हा तोच थाप मारतो ज्याला आत कोणीतरी आहे असे अजून वाटत असते. खौला वाद घालत होती, कारण न्याय येथेच मिळेल अशी तिची श्रद्धा होती. ती शिपायाची विधवा तीन वेळा आली, ती सरकारवर रुसून नव्हे. सरकार आपलेच आहे असे ती अजून समजत होती म्हणून. आमच्या मुकाट्याच्या निष्ठेपेक्षा तिचा हा विश्वास अधिक मोलाचा होता, आणि तो आम्ही आठ महिने छापील ज्ञापनाने परत पाठवत होतो.

श्रीरंगपट्टणच्या गुंबजात हैदर अली, टिपू आणि टिपूची आई फखरुन्निसा यांच्या कबरी शेजारी शेजारी आहेत. मराठी माणूस तेथे लढायांच्या आठवणी घेऊन जातो. आम्हीही पूर्वी तशाच घेऊन गेलो होतो. अलीकडे घरच्या पाहुण्यांना घेऊन गेलो तेव्हा ध्यानात आले की, दोन्ही पुरुषांविषयी आम्हांला घटकाभर बोलता येते. त्या तिसऱ्या कबरीपाशी येताच आमच्याजवळ नावापलीकडे एक वाक्यही नसते. तिचे म्हणणे काय होते, हे कधी कोणी आम्हांला सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नव्हते.

बाईचे निवृत्तिवेतन त्यानंतर चार महिन्यांनी सुरू झाले. मंजुरीचा कागद न्यायला ती आली, आकडा दोनदा वाचून घेतला आणि निघाली. तिने आमचे आभार मानले नाहीत, आणि ते योग्यच झाले. जाताना दाराशी थांबून तिने एवढेच विचारले की, तिच्या गल्लीतल्या आणखी एका बाईचा अर्ज अडून राहिला आहे, तिला कोणत्या दिवशी पाठवू? आम्ही म्हटले, कोणत्याही दिवशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही टेबलासमोर एक खुर्ची मांडून घेतली. इतकी वर्षे तेथे खुर्ची नव्हती.